मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मॉन्ट्रियलला राहायला आले ती जानेवारीत. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे दोन फोटो दाखवले. एक येशूचा होता आणि दुसरा लाल जर्सीतल्या, भेदक डोळ्यांच्या एका माणसाचा. "हा आमचा मोरीस," असं त्या घरातल्या मुलाबद्दल बोलावं तसं म्हणाल्या. त्या फोटोचा अर्थ समजून घेताना मी मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाच्या इतिहासात शिरले आणि अजून बाहेर आलेले नाही. इथे नव्याने येणारी मराठी मंडळी आणि भारतातून फोन करणारे भाचे-पुतणे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

हा संघ किती जुना आहे?

कॅनेडियन्सची स्थापना ४ डिसेंबर १९०९ ची. संघ आज ज्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळतो, ती लीग त्यानंतर आठ वर्षांनी, नोव्हेंबर १९१७ मध्ये मॉन्ट्रियलच्याच विंडसर हॉटेलात जन्मली. खंड न पडता आजवर खेळत आलेला यापेक्षा जुना व्यावसायिक आइस हॉकी संघ जगात नाही.

आपल्या हॉकीपेक्षा हा खेळ वेगळा कसा?

थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं वाचताना अडणार नाही. मैदान बर्फाचं, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद, चारी बाजूंनी फळ्यांनी बंद. पायात स्केट्स. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. एका वेळी गोलरक्षकासह सहा जण, पण वेग एवढा की पाऊण मिनिटात दमछाक होते, त्यामुळे खेळ चालू असतानाच खेळाडू सतत बदलत राहतात. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. अंगाला अंग भिडवणं नियमात बसतं, आणि चूक केली तर खेळाडूला काही मिनिटं बाहेर बसावं लागतं. तेवढा वेळ समोरचा संघ एक माणूस जास्त घेऊन खेळतो. तो त्यांचा पॉवर प्ले. साखळी सामने संपले की बाद फेरी, तिच्यात एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांची मालिका, आणि अशा चार मालिका जिंकल्या की स्टॅन्ली कप.

फ्रेंचभाषकांचा हा संघ कुणी काढला?

एका इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने. हे ऐकून इथल्या तरुण मुलांनाही नवल वाटतं. आंब्रोझ ओ'ब्रायन हा ऑन्टारिओतल्या रेनफ्रू गावचा. वडिलांचा खाणींचा आणि रेल्वेबांधणीचा मोठा उद्योग. त्याच्या गावच्या संघाला तेव्हाच्या मोठ्या लीगने दारात उभं केलं नाही, तसंच मॉन्ट्रियल वाँडरर्स या संघालाही बाहेर काढलं. दोघांनी मिळून डिसेंबर १९०९ मध्ये स्वतःची लीग काढली. मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांचे संघ होतेच. त्यांच्यासमोर फ्रेंचभाषकांचा संघ उभा केला तर चुरस वाढेल आणि तिकिटं खपतील, असा तो हिशेब होता. पैसा ओ'ब्रायनने घातला, पण संघ पुढे फ्रेंच कॅनडियन मालकांच्या हाती द्यायचा हे सुरुवातीलाच ठरलेलं होतं. खेळाडू गोळा करायचं काम जॅक लाव्हियोलेटकडे आलं. न्यूझी लालोंड हा पहिला मोठा तारा.

पहिला सामना ५ जानेवारी १९१० ला जुबिली रिंकवर कोबाल्ट गावच्या संघाशी झाला आणि कॅनेडियन्सनी तो ७-६ असा जादा वेळेत जिंकला. मोसमाच्या शेवटी मात्र संघ तळाला होता.

व्यापारी हिशेबातून जन्मलेली ही गोष्ट लोकांनी आपली मानली आणि इतकी आपली केली की मूळ हिशेब कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. मला या संघाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी घटना हीच वाटते, कपांपेक्षाही मोठी.

'हॅब्स' हे नाव कुठून आलं? जर्सीवरच्या एच चा अर्थ तोच का?

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्विबेकमध्ये जमीन कसणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्याला पूर्वी 'आबितां' म्हणत. त्याचं इंग्रजी तोंडातलं छोटं रूप 'हॅब'. १९२४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा मालक टेक्स रिकार्ड याला कुणीतरी सांगितलं की जर्सीवरचा एच म्हणजे आबितां, आणि तिथून नाव पसरलं, अशी कथा आहे. नाव टिकलं, पण माहिती चुकीची होती. जर्सीवरच्या मोठ्या सी च्या पोटातला एच हा साध्या 'हॉकी' शब्दाचा आहे, कारण संघाचं अधिकृत नावच 'क्लब द हॉकी कानादियां'. इथले फ्रेंचभाषक जर्सीला 'सैंत-फ्लानेल' म्हणतात, म्हणजे पवित्र फ्लॅनेल. सुरुवातीच्या जर्सी खरोखरच लोकरीच्या असत, आणि 'पवित्र' हा शब्द ते मनापासून वापरतात.

व्हेझिना ट्रॉफी ज्याच्या नावाची, तो कोण?

जॉर्ज व्हेझिना हा उत्तरेकडच्या शिकूतिमी गावचा गोलरक्षक. डिसेंबर १९१० मध्ये तो कॅनेडियन्सकडून पहिल्यांदा उभा राहिला आणि पुढची पंधरा वर्षं एकही सामना चुकला नाही. स्वभाव अबोल, चेहरा शांत. समोरून पक येत असताना त्याच्या कपाळावर आठी दिसायची नाही असं सांगतात. १९१६ साली पोर्टलंडच्या संघाला पाच सामन्यांच्या मालिकेत ३-२ ने हरवून कॅनेडियन्सनी पहिला स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा गोलात तोच होता.

२८ नोव्हेंबर १९२५ ला तो अंगात ताप असताना पिट्सबर्गविरुद्ध उतरला. सामना अर्धवट सोडून त्याला बाहेर न्यावं लागलं. तपासणीत क्षय निघाला. २७ मार्च १९२६ ला तो गावी वारला, वय ३९. मालकांनी त्याच्या स्मरणार्थ दिलेली ट्रॉफी आजही एनएचएलच्या सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळते. त्याला बावीस मुलं होती अशी एक दंतकथा जागोजागी छापलेली सापडेल. ती खोटी आहे; त्याला दोन मुलगे होते.

१९१९ चा कप कुणी जिंकला?

कुणीच नाही. अंतिम मालिका अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटलला होती. दोन्ही संघांचे दोन-दोन विजय, एक सामना बरोबरीत, आणि निकालाचा सामना १ एप्रिलला. त्या दिवसापर्यंत कॅनेडियन्सचे बहुतेक खेळाडू स्पॅनिश फ्लूने अंथरुणाला खिळले होते. मालक जॉर्ज केनेडी, तोही आजारी, म्हणाला की कप तुम्हीच घ्या. सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकाने नकार दिला. आजारी माणसांकडून कप घेणं त्यांना मान्य नव्हतं. ५ एप्रिलला कॅनेडियन्सचा बचावपटू जो हॉल सिअ‍ॅटलमध्येच गेला. केनेडी परतला, पण सावरला नाही. १९२१ मध्ये त्याचाही मृत्यू झाला आणि त्याच्या पत्नीने संघ ११,००० डॉलरला तिघा भागीदारांना विकला. कपावर पुढे त्या वर्षासमोर दोन्ही संघांची नावं आणि 'मालिका अपूर्ण' असे शब्द कोरले गेले.

साथीच्या रोगाच्या बातम्या आपण सगळ्यांनी घरात बसून ऐकल्या. त्यानंतर मी ही गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा सिअ‍ॅटलच्या त्या नकारापाशी बराच वेळ थांबले.

फोरम म्हणजे काय?

१९२४ ते १९९६ पर्यंत मॉन्ट्रियलच्या सेंट कॅथरीन रस्त्यावरची हॉकीची इमारत. बांधली होती ती खरं तर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मरून्स या संघासाठी, तीही अवघ्या १५९ दिवसांत. पण कॅनेडियन्सच्या स्वतःच्या रिंकवर बर्फ वेळेत जमला नाही, म्हणून २९ नोव्हेंबर १९२४ चा उद्घाटनाचा सामना त्यांनाच खेळायला मिळाला आणि टोरंटोला त्यांनी ७-१ ने हरवलं. दोन वर्षांनी ते तिथे कायमचे राहायला आले. मरून्स १९३८ साली पैशाअभावी बंद पडले आणि फोरम कॅनेडियन्सचा झाला.

हाउई मोरेन्झचं नाव जुने लोक एवढ्या हळवेपणाने का घेतात?

मोरेन्झ फ्रेंच नव्हता. ऑन्टारिओतल्या एका जर्मन वंशाच्या कुटुंबातला, १९२३ मध्ये आलेला. पण त्याच्या वेगाने फ्रेंच-इंग्रजी दोन्ही मॉन्ट्रियल वेडं झालं. १९२४, १९३० आणि १९३१ चे कप त्याच्या काळातले. मग उतार लागला, १९३४ मध्ये त्याला शिकागोला देऊन टाकलं, आणि दोन वर्षांनी तो परत आला. २८ जानेवारी १९३७ ला फोरममध्ये फळीजवळ पडून त्याचा पाय मोडला. ८ मार्चला तो रुग्णालयातच गेला. अंत्यदर्शनासाठी शवपेटी फोरमच्या मधोमध ठेवली होती. ज्या खुर्च्यांवर बसून लोक त्याच्या नावाने ओरडायचे, त्याच खुर्च्यांवर हजारो माणसं गप्प बसली होती. त्याचा ७ क्रमांक संघाने पुन्हा कुणाला दिला नाही. आज असे १५ क्रमांक निवृत्त केलेले आहेत, १८ खेळाडूंच्या सन्मानार्थ.

त्यानंतरची वर्षं वाईट होती. १९३९-४० मध्ये ४८ सामन्यांत फक्त १० विजय. संघ बंद पडतो की काय अशी अवस्था होती.

मग मोरीस रिशार आला?

हो, १९४२ मध्ये. जन्म मॉन्ट्रियलचाच, वडील रेल्वेच्या कारखान्यात कामगार, स्वतः तोही कारखान्यात यंत्रावर काम केलेला. सुरुवातीला हाडं इतक्या वेळा मोडली की हा टिकणार नाही असं सगळ्यांना वाटलं. १९४४-४५ च्या मोसमात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. असं आधी कुणी केलं नव्हतं. टोपणनाव पडलं 'रॉकेट'. समोरच्या संघाच्या हद्दीतल्या निळ्या रेषेपासून गोलापर्यंत तो पाठीवर बचावपटू घेऊन जायचा, आणि समोरच्या गोलरक्षकाला फक्त त्याचे डोळे आठवायचे.

आणि १७ मार्च १९५५ ला काय झालं? त्याला 'रिशार दंगल' का म्हणतात?

हे जरा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरून चालणार नाही.

आधी शहर डोळ्यांसमोर आणा. मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. पण बँका, मोठी दुकानं, कारखान्यांची कचेरी यांची भाषा इंग्रजी. यंत्रावरचा कामगार फ्रेंचभाषक, मुकादमाच्या वरचा प्रत्येक जण इंग्रजी बोलणारा. आपल्याच शहरात दुकानात गेल्यावर आपल्या भाषेत उत्तर मिळत नाही, यातला सल मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आणि अशा शहरात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक फ्रेंच कामगाराचा मुलगा सगळ्यांना मागे टाकून गोल करायचा.

१३ मार्चला बॉस्टनमध्ये हॅल लेकोची काठी रिशारच्या डोक्याला लागली, रक्त आलं, टाके पडले. रिशारने काठीने लेकोला मारलं. आवरायला आलेल्या लाइन्समनलाही त्याने ठोसे लगावले. चूक होती, मोठी होती. १६ तारखेला लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला मोसमाचे उरलेले सामने आणि संपूर्ण बाद फेरी यांतून बाद केलं. गोल केला किंवा गोलाला मदत केली की खेळाडूला एक गुण मिळतो; रिशार तेव्हा गुणांच्या यादीत अव्वल होता. एका मोसमातल्या सर्वाधिक गुणांचा मान त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तो त्या दिवसांत हातातोंडाशी आलेला होता.

दुसऱ्या दिवशी फोरमला डेट्रॉईटविरुद्ध सामना. येऊ नका असं सांगूनही कॅम्पबेल आले, सामना सुरू झाल्यावर, सगळ्यांच्या देखत आपल्या नेहमीच्या जागी बसले. अंडी, टोमॅटो, हाताला येईल ते त्यांच्यावर पडू लागलं. पहिला पिरियड संपता संपता अश्रुधुराचं एक नळकांडं फुटलं. डेट्रॉईट ४-१ ने पुढे होतं. सामना तिथेच थांबवून त्यांना बहाल केला गेला. हजारो माणसं डोळे चोळत रस्त्यावर आली, बाहेर आधीच जमाव होता, आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर पहाटेपर्यंत काचा फुटत राहिल्या. नुकसानीचा आकडा सुमारे १ लाख डॉलरचा सांगतात.

१८ तारखेला रिशार रेडिओवर बोलला, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. शिक्षा मी भोगीन, पुढच्या वर्षी परत येईन, तुम्ही शांत राहा, असं त्याच्या बोलण्याचं सार. शहर शांत झालं. गुणांचा मान एका गुणाने त्याच्याच संघातल्या जॉफ्रियांला मिळाला, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःच्या प्रेक्षकांची हुर्यो ऐकावी लागली. अंतिम मालिका कॅनेडियन्स सातव्या सामन्यात हरले.

१९६० नंतर क्विबेकमध्ये शिक्षण, उद्योग, भाषा यांचा कायापालट झाला, त्याला 'शांत क्रांती' म्हणतात. तिची सुरुवात त्या रात्री झाली असं अनेक जण लिहितात. मला एवढं सरळ सूत्र पटत नाही. एका हॉकी सामन्याने समाज बदलत नाही. पण लोकांनी आपला राग त्या रात्री पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडून मोठ्याने ऐकला, एवढं नक्की. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. वडील रात्री उशिरा घरी आले, बुटांत काच रुतली होती आणि आई काही बोलली नाही, एवढंच त्यांना आठवतं.

पुढच्या वर्षी तो खरंच परत आला का?

आला, आणि कॅनेडियन्सनी १९५६ ते १९६० असे सलग पाच कप जिंकले. सलग पाच कप आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेले नाहीत. पाचवा जिंकून रिशार ५४४ गोलांनिशी निवृत्त झाला. त्याच्याहून जवळजवळ १५ वर्षांनी लहान भाऊ आँरी त्या पाचही संघांत होता. आँरीच्या नावावर खेळाडू म्हणून एकूण ११ कप आहेत, हा विक्रम आजही त्याचाच.

त्या संघाने खेळाचे नियमही बदलायला लावले. पूर्वी दोन मिनिटांच्या शिक्षेत खेळाडू पूर्ण दोन मिनिटं बाहेर राहायचा, कितीही गोल झाले तरी. नोव्हेंबर १९५५ मध्ये बॉस्टनविरुद्ध जाँ बेलिव्होने एकाच पॉवर प्लेमध्ये ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या मोसमापासून नियम आला की एक गोल झाला की शिक्षा भोगणारा परत येतो. आणि १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये पक लागून गोलरक्षक जॅक प्लांटचा चेहरा फाटला. टाके घालून घेतल्यावर त्याने प्रशिक्षक टो ब्लेक यांना सांगितलं की मुखवटा घालू दिला तरच उतरतो. ब्लेक यांना मुखवटा आवडत नव्हता, पण संघाकडे दुसरा गोलरक्षक नव्हता. आज शाळेतल्या पोरांपासून सगळे गोलरक्षक मुखवटा घालतात, त्याची सुरुवात या हट्टाची.

फ्रेंच खेळाडूंवर त्यांना पहिला हक्क होता, म्हणूनच ते जिंकले, हे खरं का?

टोरंटोला गेलात तर हे हमखास ऐकायला मिळेल. यात तथ्य फार थोडं आहे. १९६३ ते १९६९ या काळात नवोदितांच्या निवडीत, म्हणजे दरवर्षी संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वेळी, कॅनेडियन्सना आधी दोन फ्रेंचभाषक खेळाडू घ्यायची मुभा होती. पण त्या काळातले बहुतेक चांगले खेळाडू आधीच कुठल्या ना कुठल्या संघाशी करारबद्ध असत, त्यामुळे तिचा खरा उपयोग झाला तो शेवटच्या वर्षी, रेजाँ उल आणि मार्क तार्दिफ यांना घेताना. रिशार, बेलिव्हो, प्लांट, लाफ्लर, यांतला एकही त्या नियमाने आलेला नाही.

खरं कारण म्हणजे दोन माणसं. १९४६ मध्ये संघाचे व्यवस्थापक म्हणून आलेले फ्रँक सेल्की आणि १९६४ मध्ये त्यांच्या जागी बसलेले सॅम पोलॉक. सेल्कींनी देशभर पोरांचे संघ उभे केले आणि तिथून खेळाडू घडवून वर आणले. बेलिव्हो क्विबेक शहर सोडून यायलाच तयार नव्हता, तेव्हा तो ज्या लीगमध्ये खेळायचा तिचे हक्कच कॅनेडियन्सनी विकत घेऊन ती व्यावसायिक केली, आणि मग व्यावसायिक म्हणून खेळायचं तर कॅनेडियन्सकडूनच, असं झालं. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्याने सही केली. पुढे तो दहा वर्षं कर्णधार होता, आणि या शहरात त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सॅम पोलॉकची लाफ्लरची गोष्ट काय आहे?

१९७१ चा सर्वोत्तम नवोदित गी लाफ्लर असणार हे वर्षभर आधी दिसत होतं. पहिली निवड तळाच्या संघाला मिळते. पोलॉक यांनी १९७० मध्येच कॅलिफोर्नियाच्या दुबळ्या संघाकडून त्यांची १९७१ ची पहिली निवड अदलाबदलीत घेऊन ठेवली. पण मोसम सुरू झाल्यावर लॉस एंजलिसचा संघ त्याहून खाली जायला लागला. तेव्हा पोलॉक यांनी आपला अनुभवी राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजलिसला दिला. तो संघ सावरला, कॅलिफोर्निया तळाला राहिलं आणि लाफ्लर मॉन्ट्रियलला आला. बॅकस्ट्रॉमला त्याच हेतूने पाठवलं का, यावर वाद आहे, पण इथे कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल.

सर्वांत चांगला संघ कोणता?

माझ्या मते १९७६-७७ चा. ८० सामन्यांत ६० विजय, १२ बरोबरी, फक्त ८ पराभव, त्यांतला घरच्या बर्फावर एकच. प्रशिक्षक स्कॉटी बोमन. गोलात केन ड्रायडन, जो मधल्या काळात कायद्याची पदवी पूर्ण करून आला होता. बचावात सर्ज सावार, गी लापॉइंट, लॅरी रॉबिन्सन. पुढे डोक्यावर शिरस्त्राण नसलेला, सोनेरी केस वाऱ्यावर उडवत धावणारा लाफ्लर. १९७६ ते १९७९ सलग चार कप.

चौथ्याच्या वाटेवर मे १९७९ मध्ये बॉस्टनविरुद्धचा सातवा सामना हातातून गेला होता. अखेरच्या मिनिटांत बॉस्टनचे नियमापेक्षा जास्त खेळाडू बर्फावर सापडले, शिक्षा झाली आणि लाफ्लरने बरोबरी साधली. जादा वेळेत इव्हाँ लांबेरने सामना संपवला. बॉस्टनशी असलेलं वैर आजही तेवढंच ताजं आहे. दोन्ही संघ बाद फेरीत ३४ वेळा भिडलेत आणि २५ वेळा मॉन्ट्रियल जिंकलंय.

एकूण कप किती, २३ की २४?

२४. पैकी १९१६ चा एनएचएल जन्मायच्या आधीचा, म्हणून एनएचएलमधले मोजले तर २३.

१९९३ नंतर एकही नाही?

नाही. तो चोविसावा कप मात्र गोड होता. त्या वर्षीच्या बाद फेरीत कॅनेडियन्सनी जादा वेळेत लागोपाठ दहा सामने जिंकले. गोलरक्षक पॅट्रिक रुआ तेव्हा हरायचंच विसरला होता. अंतिम फेरीत वेन ग्रेट्स्कीच्या लॉस एंजलिसला ४-१ ने हरवलं. तेव्हापासून २०२५ पर्यंत कॅनडातल्या कुठल्याच संघाला कप जिंकता आलेला नाही.

कारणं बरीच आहेत. लीग ३२ संघांची झाली, पगारांवर मर्यादा आली, आणि पोलॉकसारखं सगळ्यांच्या आधी ओळखणं आता कठीण झालं. पण एक जखम स्वतःच्या हाताने केलेली होती. २ डिसेंबर १९९५ ला डेट्रॉईटने फोरममध्ये ११ गोल केले. रुआवर नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढलं नाही. प्रेक्षक टर उडवत होते. बाहेर आल्यावर तो बाकांमागे बसलेल्या संघाच्या अध्यक्षांपाशी गेला आणि हा माझा मॉन्ट्रियलमधला शेवटचा सामना असं सांगून टाकलं. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला पाठवलं. कोलोरॅडोचा तो संघ म्हणजे आदल्या मोसमापर्यंत क्विबेक शहरात असलेला, कॅनेडियन्सचा कट्टर शेजारी नॉर्डिक्स! जून १९९६ मध्ये रुआने त्यांना कप जिंकून दिला. २००८ मध्ये त्याचा ३३ क्रमांक मॉन्ट्रियलने निवृत्त केला, तेव्हा कुठे दोन्ही बाजूंचा राग निवला.

फोरम सोडताना काय झालं?

११ मार्च १९९६ ला शेवटचा सामना डॅलसविरुद्ध, ४-१ असा विजय. नंतर जुने कर्णधार एकेक करून बर्फावर आले आणि एक पेटती मशाल हातोहात पुढे गेली. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर मशाल पुढे नेण्याबद्दलची एक ओळ लिहिलेली असते, तिची ती आठवण. रिशारचं नाव पुकारलं तेव्हा लोक उभे राहिले ते कित्येक मिनिटं बसलेच नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस हाताने पुरे म्हणत होता, डोळे पुसत होता, आणि आवाज वाढतच होता. त्याचं चित्रण सहज मिळतं. फ्रेंच येत नसलं तरी पाहा.

२७ मे २००० ला तो गेला. नव्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक लोकांनी अंत्यदर्शन घेतलं आणि क्विबेक सरकारने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.

संघाचा मालक कोण?

मोल्सन घराणं, ज्यांची बिअर प्रसिद्ध आहे. १९५७ मध्ये त्यांनी पहिल्यांदा घेतला, मधे विकला, पुन्हा घेतला, २००१ मध्ये जॉर्ज जिलेट या अमेरिकनाला बहुतांश हिस्सा विकला, आणि २००९ पासून जेफ मोल्सन व त्यांच्या भावांकडे परत आहे.

प्रशिक्षकाला फ्रेंच यायलाच हवं का?

लेखी नियम नाही. पण डिसेंबर २०११ मध्ये फक्त इंग्रजी बोलणाऱ्या रँडी कनीवर्थ यांना हंगामी प्रशिक्षक केलं तेव्हा स्टेडियमबाहेर निदर्शनं झाली आणि पुढच्या मोसमात फ्रेंच बोलणारा प्रशिक्षक आला. बाहेरून हा हट्ट वाटतो. मला तो रास्त वाटतो. सामना हरल्यावर कारण सांगायला जो माणूस समोर येतो, त्याने ते ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावं, एवढीच ती मागणी आहे. सध्याचे प्रशिक्षक मार्टिन सें-लुई हे शेजारच्या लावालचे.

भारतीय वंशाचं कुणी या संघातून खेळलंय का?

हो, मॅनी मल्होत्रा, २०१४-१५ चा मोसम. वडील भारतीय, आई क्विबेकची फ्रेंचभाषक. पक खाली टाकून खेळ सुरू होतो तेव्हा तो आधी कुणाच्या काठीला लागतो, या कौशल्यात मॅनी अव्वल होता.

आत्ता संघ कसा आहे?

२०२१ मध्ये, मोजकेच प्रेक्षक आत सोडले जात असताना, केअरी प्राइसच्या गोलरक्षणाच्या जोरावर संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि टँपाकडून ४-१ ने हरला. प्राइसचा गुडघा त्यानंतर साथ देईना. मग सगळं नव्याने बांधायला घेतलं. २०२२ मध्ये २३ वर्षांचा निक सुझुकी कर्णधार झाला, संघाच्या इतिहासातला सर्वांत तरुण. २०२५ च्या वसंतात ते पुन्हा बाद फेरीत पोचले आणि लेन हटसन हा बचावपटू वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याला बर्फावर वळताना पाहणं हे या हिवाळ्यांमधलं माझं मोठं सुख आहे.

मॉन्ट्रियलला आलो तर काय पाहावं?

संघाच्या आताच्या स्टेडियमचं, बेल सेंटरचं तिकीट महाग असतं, पण बाहेरचे मोरेन्झ, रिशार, बेलिव्हो आणि लाफ्लर यांचे पुतळे फुकट पाहता येतात. रिशारची समाधी डोंगरावरच्या नोत्र-दाम-दे-नेझ दफनभूमीत आहे. जुना फोरम अ‍ॅटवॉटर मेट्रो स्टेशनच्या जवळ आहे. आत आता सिनेमागृह आणि दुकानं आहेत, पण जिथे मैदानाचा मध्य होता तिथे जमिनीवर ती खूण राखून ठेवलेली आहे, शेजारी जुन्या खुर्च्यांच्या काही रांगा आहेत, आणि त्यांत रिशारचा एक पुतळा बसलेला आहे. त्याच्या बाजूची जागा मोकळी असते.